नऊ खुर्च्या

भाचीच्या मुलाचा बसथांबा बदलला, म्हणून मी स्कूल बोर्डाची सभा पाहिली. पिवळी बस आधी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी यायची. आता पोराला मोठा रस्ता ओलांडून पलीकडे उभं राहावं लागत होतं. पोरगा दुसरीतला. भाचीने शाळेत फोन केला, तिथून वाहतूक विभागाकडे, आणि तिथल्या बाईंनी सांगितलं, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता बोर्डाची सभा आहे, तिथे येऊन बोला.

योगायोग असा की संपादकांनी एका अंकासाठी 'हाताच्या अंतरावरची सत्ता' हा विषय मला त्याच आठवड्यात कळवला होता. मी तेव्हा पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळच्या एका उपनगरात भाचीकडे राहत होते. २०२५चा मे महिना होता आणि चौकाचौकांत, घरांपुढच्या हिरवळीवर तारेच्या पायांवर उभ्या केलेल्या छोट्या पाट्या दिसत होत्या. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होऊन सहा महिनेच झाले होते. या पाट्या कसल्या, असं विचारलं तर भाची म्हणाली, "मावशी, त्या स्कूल बोर्डाच्या. खरं सांगायचं तर मीही कधी नीट वाचल्या नाहीत."

सभा शाळेच्या वाचनालयात होती. नालाच्या आकारात टेबलं मांडलेली, त्यांच्यामागे नऊ खुर्च्या, प्रत्येकीपुढे नावाची पट्टी आणि पाण्याची बाटली. समोर प्लास्टिकच्या साठ-सत्तर खुर्च्या. सगळे उठले, छातीवर हात ठेवून ध्वजाची प्रतिज्ञा म्हटली गेली आणि कामकाज सुरू झालं. निवृत्त होणाऱ्या दोन शिक्षिकांचा गौरव. माध्यमिक शाळेच्या गळक्या छताची निविदा. भोजनगृहातल्या दुधाचा पुरवठा. मग अध्यक्षबाईंनी नागरिकांच्या बोलण्याची वेळ जाहीर केली. प्रत्येकाला तीन मिनिटं. मायक्रोफोनजवळ सिग्नलसारखा दिवा होता: हिरवा, पिवळा, लाल.

भाचीने दाराजवळच्या कागदावर नाव लिहिलं नव्हतं. लिहावं लागतं हे तिला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी आम्ही नुसतं ऐकलं. चौदा माणसं बोलली. त्यांतली अकरा वाचनालयातल्या एकाच पुस्तकाबद्दल. किशोरवयीन मुलांच्या त्या कादंबरीतली शरीरसंबंधाची वर्णनं काहींना खटकत होती, आणि ती काढून टाकण्याची मागणी काहींना त्याहून जास्त खटकत होती. एक तरुण बाप थरथरत्या आवाजात बोलला. एका शिक्षिकेला रडू आवरेना. आणि एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांचा आखूड बॉब, हातात घडी घातलेला कागद, शांतपणे म्हणाल्या की पुस्तक जाळा असं मी म्हणत नाही, पण माझ्या नातीला ते द्यायच्या आधी तिच्या आईला विचारलं का नाही, एवढंच मला सांगा.

लाल दिवा लागला तेव्हा त्या वाक्याच्या शेवटाला आल्या होत्या. खुर्चीत परत बसेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षबाईंनी तशी ताकीदच दिली होती.

घरपट्टी भरणारे

आपल्याकडे शाळेचं धोरण म्हटलं की मंत्रालय, बालभारती, पुण्याचं मंडळ. अमेरिकेत या कामाचा फार मोठा वाटा सुमारे तेरा हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक विभाग, उचलतात. पेनसिल्व्हेनिया या एका राज्यात ते पाचशेच्या आसपास आहेत. प्रत्येकाचं बोर्ड नऊ जणांचं, मुदत चार वर्षांची, मानधन काही नाही. जवळजवळ सगळीकडे दर दोन वर्षांनी, विषम वर्षी, सुमारे निम्म्या जागांची निवडणूक होते. हे नऊ जण सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, नेमतात, शिक्षकसंघाशी करार करतात, कोणती पाठ्यपुस्तकं घ्यायची ते मंजूर करतात, शाळेचं वेळापत्रक आणि सुट्ट्या ठरवतात. शेजारच्या न्यू जर्सीत कित्येक गावांतल्या बोर्डांनी दिवाळीची सुट्टी दिली. त्यामागे तीन मिनिटांच्या रांगेत उभे राहिलेले आपलेच आई-बाप होते.

आणि हे नऊ जण कर बसवतात. सगळी चावी इथे आहे. शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा घरपट्टीतून येतो. ज्यांची मुलं चाळीस वर्षांपूर्वी शाळेतून बाहेर पडली, ते आजी-आजोबाही पेन्शनमधून दर वर्षी तो भरतात. शाळेत काय चाललंय हे विचारण्याचा हक्क त्यांना या पावतीतून मिळालेला असतो, आणि तो ते वापरतात. भाचीकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. तिला मत नाही. घरपट्टी मात्र पुरेपूर भरते. राज्याच्या कायद्याने रहिवासी आणि करदाते दोघांनाही सभेत बोलता येतं, त्यामुळे तिला आवाज आहे.

स्कूल बोर्ड हा शब्द आपल्याला परका नाही. महानगरपालिकांची शिक्षण मंडळं होती, 'बोर्डाची शाळा' हा शब्द आमच्या पिढीच्या तोंडी होता. ती मंडळं गेली आणि शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आल्या, ज्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. पण त्या समितीला कर बसवता येत नाही आणि मुख्याध्यापक नेमता येत नाही. म्हणून तिच्या निवडीसाठी कुणी दारापुढे पाटी रोवत नाही.

अमेरिकेत मात्र स्त्रियांचा मताधिकारात पहिला चंचुप्रवेश ज्या दारांतून झाला, त्यांत शाळेची निवडणूक हे एक होतं. देशभर १९२०मध्ये मताधिकार मिळण्याच्या कितीतरी आधी, कॅन्ससमध्ये १८६१ साली आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८७९ साली, बायकांना शाळेच्या निवडणुकीपुरतं मत मिळालं. मुलांचं शिक्षण म्हणजे घरातलंच काम, ते बायकांनी पाहिलं तर काय बिघडलं, असा जुन्या वळणाचा विचार त्याला आधाराला होता.

डोव्हर

हॅरिसबर्गहून दक्षिणेला पाऊण तासाच्या आत डोव्हर येतं. यॉर्क काउंटीतलं गाव. मक्याची शेतं, चर्चं आणि मधून जाणारा कार्लाइल रोड. वीस वर्षांपूर्वी अशाच नऊ खुर्च्यांच्या भांडणासाठी जगभरचे पत्रकार इथे उतरले होते. मी गेले त्या दिवशी एका चर्चच्या आवारात घरगुती केकांची विक्री चालली होती, आणि जुन्या प्रकरणाचा विषय काढताच टेबलामागच्या बाई म्हणाल्या की अजूनही काही घरांत त्यावर बोलत नाहीत.

प्रकरण असं. शाळेच्या भिंतीला टेकवलेलं, एका विद्यार्थ्याने काढलेलं माणसाच्या उत्क्रांतीचं चित्र होतं. २००२मध्ये ते तिथून उचललं गेलं आणि जाळलं गेलं. पुढे २००४च्या उन्हाळ्यात जीवशास्त्राच्या नव्या पुस्तकाच्या खरेदीचा साधा विषय बोर्डापुढे आला. काही सदस्यांनी हरकत घेतली: यात डार्विन फार आहे, आणि देवाने केलेल्या सृष्टीबद्दल काहीच नाही. सुमारे चार महिने सभांमागून सभा झाल्या. १८ ऑक्टोबर २००४ला सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला की डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटी मुलांना सांगाव्यात आणि 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे सृष्टीमागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे हे मत, त्यांच्या कानावर घालावं. विरोधात मत दिलेल्या एका नवरा-बायकोने त्याच रात्री राजीनामे दिले.

नववीच्या वर्गात एक छोटं निवेदन वाचायचं ठरलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी नकार दिला. त्यांनी लिहून कळवलं की हे विज्ञान नाही, आणि ते विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणं आमच्या व्यवसायधर्माला सोडून होईल. शेवटी जानेवारी २००५मध्ये प्रशासनातले अधिकारी वर्गात येऊन निवेदन वाचून गेले. शिक्षक तेवढा वेळ बाहेर उभे राहिले. मला या सगळ्या प्रकरणातलं हे दृश्य सर्वांत मोठं वाटतं. ते शिक्षक त्याच गावचे, त्यांचा पगार ठरवणारे तेच नऊ जण.

अकरा पालकांनी खटला भरला. हॅरिसबर्गच्या फेडरल न्यायालयात सहा आठवडे सुनावणी चालली. बोर्डाने ज्या पुस्तकाचा दाखला दिला होता, त्या 'ऑफ पांडाज अँड पीपल'चे जुने मसुदे पुढे आले. सृष्टिनिर्मितीवाद सरकारी शाळांत शिकवता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८७मध्ये लागला होता. त्यानंतरच्या मसुद्यात सृष्टिनिर्मितीचा जुना शब्द सगळीकडे काढून 'डिझाइन'चा नवा बसवलेला, आणि एका ठिकाणी जुन्या शब्दाचे तुकडे नव्याला दोन्ही बाजूंनी चिकटून राहिलेले. पुस्तकाच्या साठ प्रती शाळेला भेट मिळाल्या होत्या. त्यांचे पैसे एका बोर्ड सदस्यानेच आपल्या चर्चमध्ये गोळा केले होते, आणि ते आधी लपवलं गेलं, हेही साक्षीत उघड झालं.

न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन, धाकट्या बुशनी नेमलेले. त्यांनी २० डिसेंबर २००५ला १३९ पानी निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही, आणि बोर्डाचा हेतू धार्मिक होता. त्यानंतर त्यांना धमक्या आल्या, पहारा ठेवावा लागला.

पण गावाने आपला निकाल त्याआधी सहा आठवडे दिला होता. ८ नोव्हेंबर २००५च्या निवडणुकीत निम्म्याच नव्हे, नऊपैकी आठ जागा होत्या. बोर्डातले आठही जण पुन्हा उभे होते, आणि आठही पडले. काही जागांवरचं अंतर अगदी थोडं होतं. निवडून आलेल्या गटात डेमोक्रॅट होते तसे रिपब्लिकनही होते. त्यांतले एक खटल्यातले वादी, पेशाने शिक्षक, आणि उन्हाळ्यात चर्चच्या बायबलवर्गाचं काम पाहणारे. गावाने देव नाकारला, असं टीव्हीवरच्या एका बड्या धर्मोपदेशकाने तेव्हा सांगितलं. बायबलवर्गाचं काम पाहणाऱ्या माणसाला मत देणाऱ्यांना ते ऐकून काय वाटलं असेल, याचा मी केकच्या टेबलापाशी उभी राहून बराच वेळ विचार करत होते.

टेबलामागच्या बाईंनी मला वेगळीच गोष्ट सांगितली. "माझ्या नवऱ्याला डार्विन तेव्हाही पटत नव्हता, आजही पटत नाही. पण वकिलाची बिलं येणार हे त्याला कळलं होतं." बिल आलंच. फिर्यादींच्या वकिलांना दहा लाख डॉलर देण्यावर तडजोड झाली, आणि ते डिस्ट्रिक्टच्या तिजोरीतून, म्हणजे घरपट्टीतून गेले.

एक उमेदवार, दोन पक्ष

२० मे, प्रायमरीचा, म्हणजे पक्षांनी आपापले उमेदवार निवडण्याच्या मतदानाचा दिवस. मतदान अग्निशमन केंद्राच्या सभागृहात होतं. लाल बंब बाहेर काढून ठेवलेले. दारापासून दहा फुटांच्या पलीकडे उमेदवार आणि त्यांचे सोबती नमुन्याच्या चिठ्ठ्या घेऊन उभे. पाऊस भुरभुरत होता.

इथे मला पेनसिल्व्हेनियाची एक रीत कळली. प्रायमरीत आपापल्या पक्षाचे नोंदणीकृत मतदारच मत देतात. पण स्कूल बोर्डाचा उमेदवार दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत एकदमच उभा राहू शकतो, आणि दोन्हीकडे जिंकला तर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर तोच दोन्ही नावांखाली येतो. शाळेत पक्ष नको, हा यामागचा जुना हेतू. उमेदवारांच्या पाट्यांवर पक्षाचं नाव सहसा नसतंच. असतात ते शब्द: पालकांचे हक्क, उत्कृष्टता, करकपात, आपली मुलं. त्यामुळे मतदाराला शब्दांमागची माणसं ओळखावी लागतात, आणि ती ओळख चर्चमध्ये, सॉकरच्या मैदानावर किंवा नातवाच्या बसथांब्यावर होते.

एक सडपातळ गृहस्थ, निवृत्त सुतार, छत्री न घेता उभे होते. मी मतदार नाही हे सांगूनही त्यांनी चिठ्ठी दिली. मी विचारलं, तुम्ही स्वतःला पुराणमतवादी म्हणवता का? ते म्हणाले, हो, आणि त्याचा अर्थ त्यांनी सांगितला: दुसऱ्याचे पैसे आपले असल्यासारखे जपायचे, शाळेची घंटा वेळेवर वाजायला हवी, आणि पोरांचं संगोपन आई-बापांचं काम. देवाचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांच्या शेजारी उभ्या तरुण बाईंनी मात्र पहिलं नाव देवाचंच घेतलं. दोघांच्या हातात एकच चिठ्ठी होती.

'जुन्या विचारांचे लोक' असं आपण एका श्वासात म्हणतो, तेव्हा त्यात किमान तीन वेगळ्या निष्ठा असतात: श्रद्धा, काटकसर, आणि पालकाचा अधिकार. तिन्ही एका चिठ्ठीवर मावतात. बोर्डात बसल्यावर मात्र त्यांची दिशा कायम एक राहतेच असं नाही.

डॉयल्सटाउनचं बिल

त्याच राज्यात पूर्वेला, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, सेंट्रल बक्स हा मोठा डिस्ट्रिक्ट आहे. डॉयल्सटाउनच्या परिसरातला, सधन, शिकलेला. करोनाने शाळा बंद झाल्या, मुखपट्ट्यांवरून भांडणं झाली, आणि ज्या पालकांना बोर्डाची सभा कधी असते हेही ठाऊक नव्हतं ते रात्री अकरापर्यंत तिथे बसू लागले. फ्लोरिडात २०२१च्या जानेवारीत 'मॉम्स फॉर लिबर्टी' ही संघटना सुरू झाली आणि दोन वर्षांत तिच्या शाखा देशभर पसरल्या. सेंट्रल बक्समध्ये सहा विरुद्ध तीन असं बहुमत उभं राहिलं. २०२२च्या उन्हाळ्यात वाचनालयातल्या लैंगिक मजकुरावर निर्बंधांचं धोरण आलं, पुढच्या जानेवारीत वर्गात इंद्रधनुषी झेंडे वगैरे लावायला मनाई करणारं दुसरं.

नोव्हेंबर २०२३मध्ये पाच जागांची निवडणूक झाली. पाचही डेमोक्रॅटांनी घेतल्या. आणि मग, निवडणुकीनंतर आठवड्यातच, जाणाऱ्या बोर्डाने पायउतार होणाऱ्या सुपरिंटेंडंटला सात लाख डॉलरहून मोठी रक्कम देणारा करार मंजूर केला. डिसेंबरात कॅरन स्मिथ अध्यक्ष झाल्या. त्यांनी शपथ घेताना हात बायबलवर ठेवला नाही. ज्या पुस्तकांवर शाळांत आक्षेप घेतले जातात त्यांच्या चळतीवर ठेवला. त्यात नाझी छळछावणीतून वाचलेल्या एली वीझेल यांचं 'नाइट'ही होतं. ते छायाचित्र जगभर गेलं. त्या चळतीला माझा मनापासून नमस्कार आहे. पण गावात ज्याची जास्त चर्चा झाली ते सात लाखांचं पान होतं, असं तिथे राहणारा भाचीचा मित्र सांगतो. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर रिपब्लिकन मत दिलं. त्या कराराचा कागद त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता.

डोव्हर असो की सेंट्रल बक्स, मला दिसलं ते हे की श्रद्धेच्या किंवा पालकाच्या अधिकाराच्या नावाने खुर्चीत आलेल्यांचा हात काटकसरीच्या हातातून सुटला, की त्यांचाच शेजारी त्यांच्यापासून दुरावतो. त्याला डार्विन पटावा लागत नाही.

आजींचं म्हणणं

त्या पहिल्या सभेतल्या आजी मला किराणा दुकानात भेटल्या. ओळख पटल्यावर आम्ही कॉफी घेतली. त्या स्वतः तीस वर्षं शाळेच्या भोजनगृहात काम केलेल्या. मी त्यांना मोकळेपणाने सांगितलं की पुस्तकं काढायच्या मी विरोधात आहे. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण आम्हाला मूर्ख समजून बोलणारे लोक मला जास्त दुखवतात. तुमच्या देशात आई-बापांना विचारतात का?

मला उत्तर देता आलं नाही. भाचीच्या ओळखीतल्या कित्येक मराठी घरांत हीच अस्वस्थता आहे, फक्त ती मायक्रोफोनपर्यंत येत नाही. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या बोर्डाविरुद्ध सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: समलिंगी आणि ट्रान्स पात्रं असलेल्या गोष्टी वर्गात वाचायच्या असतील, तर धार्मिक कारणाने हरकत असलेल्या पालकांना आधी कळवा आणि त्यांच्या मुलांना त्या तासापुरतं बाहेर राहू द्या. वादींमध्ये मुस्लिम होते, कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. मला त्या निकालाची भीती वाटते, कारण उद्या कुणी डार्विनच्या तासालाही मूल बाहेर काढेल. पण त्या आईबापांची हाक खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही.

आजींशी बोलले त्या रात्री मला पुणं आठवलं. १९१८च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली, आणि पुण्यात वाद पेटला: सक्ती मुलींनाही लावायची की आधी मुलांनाच? टिळकांच्या पक्षाचं म्हणणं होतं, पैसा अपुरा आहे, आधी मुलं. रमाबाई रानडे बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. घराण्याची रीत आणि तिजोरीची तूट तेव्हाही एकमेकींच्या आडोशाला उभ्या राहत होत्या. नगरपालिकेच्या त्या सभांत किती बायकांना तीन मिनिटं मिळाली असतील?

जूनची सभा

अंदाजपत्रक ३० जूनच्या आत मंजूर व्हावंच लागतं. म्हणून जूनच्या सभेला खुर्च्या कमी पडल्या. भाचीने या वेळी सव्वासहालाच येऊन नाव लिहिलं. कागदावर दोन चौकोन होते, रहिवासी आणि करदाता. तिने दोन्हींवर खूण केली. नातवाला मी मांडीवर घेऊन बसले होते. तो दिव्याचे रंग मोजत होता.

छताचं कंत्राट नऊ विरुद्ध शून्य मतांनी गेलं. घरपट्टीची वाढ पाच विरुद्ध चार. मग तिचं नाव पुकारलं. हिरवा दिवा लागला. तिने गाड्यांचा वेग सांगितला, सकाळी पावणेआठला थांब्यावर काढलेले फोटो दाखवले, आणि पिवळा लागायच्या आतच संपवलं. अध्यक्षबाईंनी वाहतूक समितीकडे टिपण पाठवायला सांगितलं.

ती परत येऊन बसली तेव्हा मागच्या रांगेतून त्या आजी पुढे वाकल्या. समितीची बैठक पहिल्या गुरुवारी असते, म्हणाल्या, दुपारी चारला, आणि तिथे फारसं कुणी येत नाही, तेव्हा ये. त्या वळणावर तिघी शेजारणींची मुलं उभी राहतात, त्यांनाही घेऊन ये. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि सभेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यावर खोलीचा नंबर लिहून दिला.